रत्नागिरीतली जुनी रोड बाइक: पुढचा आणि मागचा कॅलिपर ब्रेक कसा ठरला

सायकल आणि तक्रार

स्टीलची जुनी रोड फ्रेम, मूळची २७ × १¼ इंची चाकांसाठी बांधलेली. क्रोमच्या रिमना गंज चढला म्हणून मालकाने ७००सी मापाची अ‍ॅल्युमिनियम रिमची चाकं आणि २८ मिमीचे टायर घेतले. तो निर्णय शंभर टक्के बरोबर होता. ओल्या क्रोमवर रबर नुसतं घसरतं, आणि कोकणात रिम चार महिने ओलीच असते. मूळचे एका पिव्हटचे, म्हणजे दोन्ही बाहू एकाच खिळीवर फिरणारे, ब्रेकही ढिले पडले होते. त्यांच्या जागी ऑनलाइन एक दुहेरी पिव्हटची, प्रत्येक बाहूला वेगळी खीळ असलेली, कॅलिपर जोडी मागवली गेली. कॅलिपर म्हणजे दोन बाहूंनी रिमला दोन्हीकडून चिमटणारा ब्रेक. ती दिसायला उत्तम होती, पण बसेना. पुढच्या कॅलिपरचा नळीसारखा नट फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दुकाट्याच्या, भोकात शिरत नव्हता. मागचा कॅलिपर जागेवर धरून पाहिला, तर शू, म्हणजे ब्रेकचे रबरी ठोकळे, रिमवर न टेकता टायरच्या गालावर टेकत होते.

दुकानात यावर जो उपाय सुचवला जातो तो इथेही सुचवला गेला: शू ज्यात वरखाली सरकतो ती बाहूतली खाच कानशीने घासून दोन-तीन मिलिमीटर वाढवा, शू खाली येतील. हा उपाय करू नये. खाचेच्या टोकाशी कॅलिपरच्या बाहूत धातू आधीच कमी असतो आणि ब्रेकचा सगळा जोर तिथेच येतो. शिवाय शू जेमतेम रिमच्या काठावर आला, तर झिजता झिजता वर सरकून टायर कापू लागतो. दुहेरी पिव्हटमध्ये एक बाहू वरून कमानीत फिरतो, त्यामुळे शू झिजतो तसा त्याचा टेकण्याचा बिंदूही हलतो.

सायकलचा वापर असा. स्वार ७० किलो, सायकल ११, पाठीवरची पिशवी आणि सामान ५, एकूण ८६ किलो. रोज रत्नागिरी ते पावस: भाट्ये पूल, सुरूबन, फणसोप, गोळप, सड्यावरची चढ-उतार. रविवारी आरे-वारेचा रस्ता, हिवाळ्यात कधीतरी साखरप्यावरून आंबा घाट. पावसात सायकल बंद ठेवायची नाही, म्हणून पुढेमागे मडगार्ड हवेत. ही शेवटची अट मालकाने सहज सांगितली, पण कॅलिपर निवडताना तिचं वजन सगळ्यांत जास्त निघालं.

रीच मोजणं

कॅलिपरची निवड किमतीपासून किंवा ब्रँडपासून सुरू होत नाही, रीचपासून होते. ब्रेकच्या बोल्टच्या भोकाच्या मध्यापासून सरळ खाली रिमच्या ब्रेक पट्ट्याच्या (शू जिथे दाबतो ती सपाट बाजू) मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे रीच. आजच्या बहुतेक रेसिंग कॅलिपरचं रीच ३९ ते ४९ मिमी असतं, मधल्या मापाच्या कॅलिपरचं ४७ ते ५७, आणि टेक्ट्रो आर५५९सारख्या लांब कॅलिपरचं ५५ ते ७३. पहिल्या आकड्याला शू खाचेत सगळ्यांत वर असतो, शेवटच्या आकड्याला सगळ्यांत खाली.

२७ इंची चाकाचा टायर बसतो तो व्यास ६३० मिमी, ७००सीचा ६२२. व्यासात ८ चा फरक म्हणजे त्रिज्येत ४ मिमी. चाकं बदलली त्याच दिवशी पुढेमागे दोन्हीकडे ४ मिमी रीच वाढली होती. ऑर्डर देताना हे कुणाच्या लक्षात आलं नाही. जुन्या ब्रेकचं माप पाहून नवा घेतला, तरी याच खड्ड्यात पाय पडला असता.

मोजताना चाक खाचेत पूर्ण बसवून, हबचा नट किंवा क्विक रिलीज आवळून मगच स्टीलची पट्टी लावायची. फोर्क उलटा करून, चाक हवेत लोंबतं ठेवून घेतलेलं माप दोन-तीन मिलिमीटरने चुकतं, आणि इथे खेळ तेवढ्याचाच आहे. या सायकलीवर पुढे ५० मिमी भरले, मागे ५६.

मागच्या आकड्यात एक मेख होती. जुन्या फ्रेमला मागे आडव्या खाचा असतात, चाक पुढेमागे सरकतं. सीटपासून खाली येणाऱ्या मागच्या नळ्यांचा कल जमिनीशी साधारण ६० अंश असतो. म्हणून चाक १० मिमी मागे गेलं की रीच साधारण ५ मिमीने वाढते. इथे चाक खाचेच्या मधोमध होतं. ते ४ मिमी पुढे घेतल्यावर टायर आणि सीटच्या नळीत पुरेशी फट उरली आणि मागची रीच ५४ वर आली. चेन त्यामुळे थोडी ढिली पडली, पण मागच्या डेरेल्यरने (गिअर बदलणारा, चेन ताणून धरणारा भाग) ती ओढून घेतली. चाकाची जागा नंतर बदलू नये म्हणून खाचेतल्या जागेवर रंगाची बारीक खूण केली. पंक्चर काढून चाक परत बसवणाऱ्याला खूण दिसते, नाहीतर शू पुन्हा टायरवर.

आता ५० आणि ५४. मागवलेली जोडी ४९ पर्यंतची होती, म्हणजे पुढे एका मिलिमीटरने आणि मागे पाचाने कमी. आर५५९ मागे चालेल का, असा प्रश्न आला. नाही, कारण तो ५५ पासून सुरू होतो. शू खाचेत सगळ्यांत वर घेतला तरी रिमच्या पट्ट्याच्या खालच्या कडेवर टेकला असता. दोन्हीकडे ४७ ते ५७ हेच माप बसत होतं. या मापात टेक्ट्रो आर५३९ आणि शिमानो बीआर-आर४५१ हे दोन सरळ पर्याय आहेत.

मडगार्डचा हिशेब इथेच उरकावा लागतो. २८ मिमीच्या टायरचा माथा ब्रेक पट्ट्याच्या मध्यापासून जवळजवळ ३० मिमी वर येतो. पुढची रीच ५० असेल, तर भोकाच्या मध्यापासून टायरपर्यंत २० मिमी उरतात. कॅलिपरचं अंग त्यातले दहाएक मिलिमीटर खातं. राहिले दहा. त्यात मडगार्डची जाडी आणि पाच-सहा मिमीची मोकळी जागा बसते. ३२ मिमीचा टायर घातला तर मडगार्ड टायरला घासू लागतो. ही मोकळी जागा कमी करण्याचा मोह होतो, पण भाट्याच्या सुरूबनाजवळून जाणाऱ्या माणसाने तो आवरावा. ओल्या सुरूच्या काड्या तांबड्या चिखलासकट मडगार्डमध्ये चिकटतात आणि फट लहान असेल तर चाक अडवतात.

पुढे एक आणि मागे दुसरा, का?

पुढचा आणि मागचा ब्रेक सारखं काम करत नाहीत. या सायकलीचा हिशेब मांडला तर हे लगेच कळतं. चाकांमधलं अंतर १ मीटर आणि स्वारासकट गुरुत्वमध्य जमिनीपासून १.१ मीटर उंच, पुढच्या चाकाच्या टेकण्यापासून ५७ सेंमी मागे धरू. सायकल उभी असताना ८६ पैकी ३७ किलो पुढे आणि ४९ मागे असतात. ब्रेक लावून वेग ०.५ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा प्रवेग) दराने कमी करायला घेतला की ४७ किलो मागून पुढे सरकतात. मागच्या चाकावर उरतात दोन किलो. त्या चाकाला कितीही भारी ब्रेक लावा, ते फक्त घसटेल. याच्या थोडं पुढे, ०.५२ जीच्या आसपास, मागचं चाक उचललं जातं.

फक्त मागच्या ब्रेकवर थांबायचं म्हटलं, तर कोरड्या रस्त्यावरही साधारण ०.२४ जीच्या वर जाता येत नाही. सपाटीवर ताशी ३० किमी वेगातून ०.५ जीने थांबायला ७ मीटर लागतात, नुसत्या मागच्यावर १४ ते १५. आता हेच १० टक्क्यांच्या उतारावर पाहा. उताराचा ०.१ जी ओढा दोन्ही हिशेबांतून वजा होतो. पुढचा ब्रेक धरून ९ मीटर, आणि फक्त मागच्यावर २५. आरे-वारेच्या उतारांवर वळणापलीकडे एखादी एसटी किंवा पर्यटकांची मोटार उभी असते, तिथे हे १६ मीटर कामाला येतात. ‘पुढचा ब्रेक लावला की पालथं पडतो’ या समजापायी पुढचा ढिला ठेवणारे अजून बरेच आहेत. पालथा पडतो तो हात ताठ न ठेवता अंग पुढे जाऊ देणारा. पुढचा ब्रेक वापरणारा नव्हे.

पावसात मात्र चित्र थोडं बदलतं. ओल्या, वाळू-माती सांडलेल्या डांबराचा घर्षणांक ०.४ धरला, तर एकूण मर्यादाच ०.४ जीवर येते. तेव्हा मागच्या चाकावर अजून ११ किलो असतात. म्हणजे मागचा ब्रेक एकूण थांबण्यातला आठवा हिस्सा उचलतो. शिवाय तो घसरला तर सावरता येतो, पुढचा घसरला तर नाही. म्हणून कोकणात मागचा ब्रेक शोभेचा समजून चालत नाही.

वजन वाचवण्यासाठी कॅम्पॅग्नोलोने एके काळी पुढे दुहेरी पिव्हट आणि मागे एका पिव्हटचा कॅलिपर अशी जोडी दिली होती. त्यामागचा विचार वरच्या हिशेबातूनच आला होता. मागे एका पिव्हटचा ठेवण्यात आणखी एक सोय असते. रिम थोडी वाकडी झाली तर तो कॅलिपर तिच्या मागे डावीउजवीकडे डुलतो. दुहेरी पिव्हट डुलत नाही, वाकडी रिम एका शूला घासत राहते. खड्ड्यांचे रस्ते पाहता हा मुद्दा या सायकलीसाठी विचारात घेतला गेला आणि सोडून देण्यात आला. कारण रीच. त्याच कॅलिपरमध्ये शू जितका खाली, तितका जोर कमी. ५० वर जो जोर मिळतो त्याच्या ५४ वर ५०/५४, म्हणजे साधारण ९३ टक्के मिळतो. दुहेरी पिव्हटमध्ये ही सात टक्क्यांची घट सोसते, मागे तेवढी गरजही नसते. पण एका पिव्हटच्या कॅलिपरची ओढ मुळातच कमी, त्यात ५४ ची रीच आणि लांब वायरचं घर्षण धरलं, तर लिव्हर दाबून हात दुखतो आणि सायकल थांबत नाही. मागे दुहेरी पिव्हटच ठेवला. त्याची किंमत अशी की मागच्या चाकाचे स्पोक वेळच्या वेळी ताणून रिम अर्ध्या मिलिमीटरच्या आत सरळ ठेवावी लागते.

डिस्क ब्रेक का नाही, हे कुणीतरी विचारणारच. या फ्रेमला आणि फोर्कला डिस्कची बैठक नाही. नवी फ्रेम, नवा फोर्क, नवे हब घ्यायचे असतील तर ती दुसरीच सायकल झाली.

बोल्ट आणि भोकं

इथे प्रकरण खरं अडलं होतं. आजचे कॅलिपर आतल्या नटाचे असतात. ६ मिमी बोल्ट पुढून येतो आणि मागून ८ मिमी व्यासाचा, नळीसारखा, अ‍ॅलन की लागणारा नट भोकात शिरून त्याला धरतो. जुन्या फ्रेमवर पुढून मागपर्यंत एकच ६ मिमीचं भोक असतं. बोल्ट आरपार जातो आणि बाहेर साधा नट लागतो. म्हणून नवा कॅलिपर जुन्या फ्रेमवर नुसता ‘बसत नाही’.

पुढे फोर्कचा क्राउन, म्हणजे त्याचे दोन पाय वर जोडणारा भाग, ओतीव स्टीलचा, जाड. आतल्या नटाच्या कॅलिपरचा बोल्ट त्यातून आरपार निघण्याइतका लांब नसतो. उपाय एकच: क्राउनच्या फक्त मागच्या बाजूचं भोक, आतल्या स्टिअरर नळीच्या (क्राउनमधून वर हँडलकडे जाणाऱ्या) मागच्या भिंतीसकट, ८ मिमीचं करायचं. पुढचं ६ मिमीचंच राहू द्यायचं. ड्रिल हाताने तिरपं जाऊ नये म्हणून फोर्क काढून शिकंजात धरला, आधी ७ मिमीचा बिट, मग ८ चा, मंद गतीने आणि तेल सोडत. कापलेल्या कडेचा कीस कानशीने काढून आत-बाहेर ग्रीस भरलं. खारी हवा उघड्या स्टीलला फार दिवस सोडत नाही. हा उपाय फक्त स्टीलच्या क्राउनसाठी. अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा कार्बनच्या फोर्कला ड्रिल लावायचं नाही.

मग नटाची लांबी. हे नट १० पासून ३२ मिमीपर्यंत वेगवेगळ्या लांबीत मिळतात. बोल्टचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १ मिमी असतो, तेव्हा कमीत कमी सहा पूर्ण आटे धरले गेले पाहिजेत. मडगार्डचा पत्र्याचा कोन क्राउनच्या मागे याच नटाखाली येतो आणि एक-दोन मिलिमीटर खातो. म्हणून तो कोन ठेवूनच आटे मोजायचे. उलट नट गरजेपेक्षा लांब असेल, तर तो आधीच आत टेकतो आणि आवळल्यासारखा वाटूनही नीट बसत नाही.

मागे ड्रिल लावलं नाही. ब्रेक ब्रिज ही पातळ भिंतीची नळी, मागच्या दोन नळ्यांमध्ये झाळलेली. तिथे ८ मिमीचं भोक पाडून ताकद घालवण्यात शहाणपण नाही. इथे जुन्या कारागिरांची युक्ती वापरली: मागेही पुढचाच कॅलिपर. आतल्या नटाच्या पुढच्या कॅलिपरचा बोल्ट मागच्यापेक्षा लांब असतो, क्राउनला अपुरा पण बारीक ब्रिजला पुरेसा. गोल ब्रिजवर टेकायला दोन्ही बाजूंना खोलगट वॉशर, पलीकडे ६ मिमीचा नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप ढिला न होणारा). आवळल्यावर नटाबाहेर निदान एक-दोन आटे दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर वॉशर पातळ घ्यायचा, नायलॉनपर्यंत न पोचलेल्या नटावर भरवसा ठेवायचा नाही.

अशा रीतीने ‘पुढचा आणि मागचा’ कॅलिपर निवडता निवडता दोन्ही पुढचेच घेतले गेले. दुकानात जोडी मागितली असती तर मागचा आखूड बोल्टचा आला असता. म्हणून सुटे दोन पुढचे मागितले.

यात एक धोका आहे आणि तो लहान नाही. पट्टीच्या शूचा धारक एका टोकाला उघडा असतो, त्यातून झिजलेली पट्टी सरकवून काढता येते. बंद टोक नेहमी सायकलीच्या पुढच्या दिशेला हवं. पुढचा कॅलिपर मागे लावला की त्याचं तोंड मागे होतं आणि धारकांची उघडी टोकं पुढे येतात. तसंच ठेवलं तर जोरात ब्रेक मारताच फिरती रिम पट्टीला बाहेर ओढून फेकते आणि रिमवर नुसता अ‍ॅल्युमिनियमचा धारक घासतो. दोन्ही धारक काढून डावा उजवीकडे, उजवा डावीकडे लावायचा आणि बंद टोक पुढे आहे याची बोट फिरवून खात्री करायची. वायरीच्या बाजूने मात्र फायदाच होतो. पुढच्या कॅलिपरमध्ये वायर स्वाराच्या उजव्या हाताकडून येते. तोच मागे उलटा लावला की ती डावीकडून येते, आणि मागच्या ब्रेकची वायर नेहमी तिथूनच येते.

लिव्हर आणि वायर

लिव्हर साध्या एअरो प्रकारच्या (वायर हँडलच्या टेपखालून जाणाऱ्या), कॅलिपरला लागते तेवढीच वायर ओढणाऱ्या. त्या ठेवल्या. सरळ हँडलवरच्या व्ही-ब्रेकच्या लिव्हर कधीही कॅलिपरला लावू नयेत, त्या जवळजवळ दुप्पट वायर ओढतात आणि जोर त्याच प्रमाणात घटवतात. शिमानोच्या एकत्रित गिअर-ब्रेक लिव्हर असतील तर पिढी पाहावी. शिमानोच्या ड्युरा-एस ७९०० या संचापासून लिव्हर जास्त वायर ओढू लागल्या आणि कॅलिपरही त्या हिशेबाने बदलले. नवी लिव्हर आणि जुना कॅलिपर असा संसार मांडला, तर लिव्हर लाकडासारखी कडक लागते आणि थांबण्याचा जोर कमी पडतो.

पुढचा ब्रेक उजव्या हाताला ठेवला. आपल्याकडे सायकलीला उजवा हात पुढचा असतोच, शिवाय स्कूटर आणि मोटरसायकललाही तेच. अचानक थांबताना हात विचार करत नाही. पण यामुळे वायरीचा एक त्रास होतो. हे कॅलिपर डाव्या हाताच्या पुढच्या ब्रेकसाठी आखलेले आहेत. डावीकडून येणारी वायर हेड ट्यूबपुढून (फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीपुढून) मोठी कमान घेत उजव्या बाजूच्या कॅलिपरमध्ये सरळ उतरते. उजव्या लिव्हरची वायर मात्र त्याच बाजूला असल्याने तिला आखूड वळण घ्यावं लागतं. आउटर, म्हणजे वायरीचं बाहेरचं आवरण, फार छाटला तर तिथे घडी पडते आणि ब्रेक सोडल्यावर शू हळू परततात. म्हणून वायर हँडलच्या टेपखालून पुढच्या कडेने काढून हेड ट्यूबसमोर थोडी डावीकडे फुगू दिली, मग कॅलिपरकडे वळवली. हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवून आउटर कुठे ताणत तर नाही ना, ते छाटण्याआधी पाहिलं.

मागे वरच्या नळीवर तीन क्लिपा होत्या, त्यांतून लिव्हरपासून कॅलिपरपर्यंत अखंड आउटर नेला. आउटर तोडून मधे उघडी इनर (आतली तार) ठेवली तर घर्षण किंचित कमी होतं, पण पावसाचं खारट पाणी प्रत्येक तोंडातून आत जातं. कोकणात अखंडच बरा. इनर स्टेनलेस स्टीलची, रोडच्या लिव्हरची, म्हणजे डोकं नासपतीच्या आकाराचं. डोकं गोल डबीसारखं असलेली इनर लिव्हरमध्ये नीट बसत नाही. आउटर ५ मिमीचा, ब्रेकचा, आत गुंडाळलेल्या तारेचा. गिअरचा आउटर हाताशी आहे म्हणून तो लावू नये. त्याच्या उभ्या तारा ब्रेकच्या जोराने फाटून टोकातून बाहेर येतात. कापल्यावर टोक कानशीने सपाट करायचं, आतली नळी टोचणीने उघडायची, टोपी घालायची.

शू आणि जुळणी

कॅलिपरसोबत आलेले शू डब्यात ठेवून दोन्हीकडे कूल-स्टॉपचे साल्मन रंगाचे लावले. ओल्या अ‍ॅल्युमिनियमवर ते कडक काळ्या शूपेक्षा लवकर पकडतात आणि रिम कमी खातात. पैसे मोजकेच असतील तर महाग कॅलिपरवर घालवण्याऐवजी शू आणि वायरीवर घालावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. कॅलिपरचा महागपणा पावसात जाणवत नाही, शूचा पहिल्याच सरीत जाणवतो.

ओल्या रिमची अडचण वेळेची आहे. २८ मिमी टायरच्या ७००सी चाकाचा परीघ जवळजवळ २.१३ मीटर. ताशी ३० किमीला चाक सेकंदाला चारदा फिरतं. पाणी पुसून निघायला एक सेकंद गेला तरी आठ मीटर संपले आणि ब्रेक लागलेलाच नाही. म्हणून भर पावसात उतार सुरू होण्याआधीच शू हलकेच टेकवून रिम पुसत राहायची. त्यासाठी चांगला शू आणि नीट जुळणी दोन्ही लागतात.

जुळणी अशी केली. कॅलिपर हाताने मधोमध धरून मागचा नट ८ ते १० न्यूटन-मीटरला आवळला. शू रिमच्या पट्ट्यावर असा ठेवला की वरच्या कडेपासून टायरपर्यंत किमान १ मिमी रिम उघडी दिसावी आणि खाली पट्ट्याबाहेर शू लोंबू नये. पुढचं टोक रिमला आधी टेकावं म्हणून मागच्या टोकाखाली अर्ध्या मिलिमीटरचा पुठ्ठा ठेवून शूचा बोल्ट ५ ते ७ न्यूटन-मीटरला आवळला, मग पुठ्ठा काढला. हे न केल्यास ब्रेक किंचाळतो, आणि खाडीच्या पुलावर तो आवाज लांबवर जातो. बॅरल अ‍ॅडजस्टर (वायरीचा ताण कमीजास्त करणारा स्क्रू) पूर्ण आत फिरवून मग दोन फेरे बाहेर, कॅलिपरवरचं क्विक रिलीज (शू पटकन उघडणारी छोटी कळ) बंद. वायर ओढून शू दोन्ही बाजूंना दीड ते दोन मिलिमीटर दूर राहतील अशी धरली आणि वायरचा बोल्ट ६ ते ८ न्यूटन-मीटरला आवळला. एक बाजू जवळ येत असेल तर कॅलिपरवरच्या छोट्या स्क्रूने मधोमध आणायचं, कॅलिपर पिरगाळून नव्हे.

लिव्हर पूर्ण जोराने दहा-बारा वेळा दाबली. नवा आउटर टोप्यांत बसतो, इनर ताणते, वायर ढिली पडते. ती पुन्हा ओढून घेतली. शेवटची कसोटी: दोन्ही हातांनी लिव्हर दाबली तरी ती हँडलला टेकता कामा नये, दोन बोटांची जागा उरली पाहिजे. नंतर भाट्याच्या सपाट रस्त्यावर ताशी २० च्या वेगाने, पाठ मागे घेऊन, पुढचा ब्रेक वाढत्या दाबाने लावून पाहायचा. नव्या शूला रिमशी जुळून घ्यायला असे वीस-पंचवीस थांबे लागतात. त्याआधी उतार नको.

२८ मिमीचा फुगवलेला टायर दोन शूंच्या मधून निघत नाही. चाक काढताना कॅलिपरवरचं क्विक रिलीज उघडावं लागतं आणि बसवल्यावर ते बंद करायला माणूस विसरतो. पहिल्या उतारावर लिव्हर हँडलपर्यंत येते ती यामुळेच. निघण्याआधी दोन्ही लिव्हर एकदा दाबून पाहिल्या की हे कळतं.

पावसाळ्यात काय बिघडतं

सड्यावरची जांभ्याची तांबडी माती पाण्यात मिसळली की शूवर सहाणेसारखं काम करते. पुढच्या चाकाने उडवलेली माती मागच्या रिमवर जास्त बसते, म्हणून कोरड्या दिवसांत पुढचे शू आधी झिजतात आणि पावसात कित्येकदा मागचे. मडगार्डच्या खालच्या टोकाला रबरी झडप लावल्याने हे बरंच कमी होतं. आठवड्यातून एकदा चाक काढून शूचं तोंड पाहायचं. त्यात चकाकणारे अ‍ॅल्युमिनियमचे कण रुतलेले असतात. ते सुईने उकरून काढले नाहीत तर शू कानशीसारखा रिम खात सुटतो. शूच्या खोबणी झिजून नाहीशा झाल्या की शू बदलायचा. धारकात पट्टी घट्ट बसलेली नसेल तर तिचा बारीक स्क्रू १ ते १.५ न्यूटन-मीटरला पुरतो. जास्त जोर लावला की आटे जातात.

खारी हवा दोन जागा धरते. पहिली, स्प्रिंग जिथे बाहूवर घासते तो बिंदू आणि दोन्ही पिव्हट. तिथे मीठ आणि माती साचली की एक शू परतत नाही आणि माणूस उगाच मधला स्क्रू फिरवत बसतो. गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, पिव्हटला हलक्या तेलाचा एक थेंब आणि स्प्रिंगच्या टोकाला ग्रीस द्यायचं. घरात आहे म्हणून खोबरेल लावू नये, ते धूळ धरतं आणि थंडीच्या सकाळी गोठतं. तेल कॅलिपरला लावताना रिमवर फडकं धरायचं. फवाऱ्याचा डबा इथे वापरायचाच नाही, कारण शूवर गेलेलं तेल सहजासहजी निघत नाही आणि शू टाकून द्यावा लागतो.

दुसरी जागा म्हणजे स्टीलचा बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियमचा बाहू जिथे भेटतात. खारट ओल मधे राहिली की दोन धातूंमध्ये गंज धरतो आणि वर्षाने बोल्ट निघत नाही, निघाला तर आटे घेऊन निघतो. जोडतानाच प्रत्येक आट्याला ग्रीस लावलेलं असेल तर हे टळतं. पाऊस ओसरल्यावर, नवरात्राच्या सुमारास, दोन्ही कॅलिपर एकदा उतरवून पुसून परत बसवायचे आणि इनर बाहेर ओढून पाहायची. लिव्हरच्या तोंडाशी एखादी तार तुटलेली दिसली तर तीच इनर पुन्हा आत घालायची नाही.

आंबा घाटासाठी निघताना आणखी एक पाहणी: रिमची भिंत. ब्रेक पट्ट्यावर आडवी पट्टी धरली आणि मधे खळगा दिसला, तर भिंत पातळ होत चालली आहे. ती साधारण १ मिमीवर आली की रिम बदलायची, कारण टायरमधली हवा तिला सतत बाहेर ढकलत असते आणि लांब उतारावर तापलेली रिम काठाशी फुटते. उतरताना शू सतत टेकवून ठेवू नयेत. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोराने लावायचे आणि मग सोडायचे, म्हणजे मधल्या सरळ रस्त्यावर वाऱ्याने रिम थंड होते. सोबत एक इनर, शूच्या पट्ट्यांची एक जोडी, ४ आणि ५ मिमीची अ‍ॅलन की आणि मागच्या नायलॉक नटासाठी १० चा पाना ठेवायचा. पुढच्या नटाला पाना लागत नाही, मागच्याला लागतो, आणि घाटात हा फरक आठवून उपयोग नसतो.